आजोबांचे ‘जमना’ जहाज

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): घराची कवेलू फेरताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत नौदलाची नोकरीपुस्तिका सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या असल्या, तरी ‘जमना’ हे नाव आणि १९४४ हे साल स्पष्ट वाचता येते. हे जहाज युद्धात कोणते काम करीत होते?

उत्तर १: ‘जमना’ हे रॉयल इंडियन नेव्हीचे, स्कॉटलंडमध्ये बांधलेले स्लूप (लहान युद्धनौका) होते आणि व्यापारी जहाजांच्या काफिल्यांना संरक्षण देणे हे त्याचे मुख्य काम होते. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी विशाखापट्टणमनजीक काफिल्यातील एका जहाजाला टॉर्पेडो लागल्यानंतर ‘जमना’ने ‘लाँसेस्टन’ आणि ‘इप्सविच’ या ऑस्ट्रेलियन जहाजांसह आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली. मात्र केवळ सालावरून आजोबा त्या दिवशी जहाजावर होते असे म्हणता येणार नाही. रुजू झाल्याची तारीख पाहावी.

उत्तर २: लोकांना आठवते ती याच नौदलाच्या ‘बंगाल’ या जहाजाची लढाई. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजासोबत जाणारे हे छोटे जहाज दोन मोठ्या, सशस्त्र जपानी जहाजांना भिडले आणि त्यांपैकी ‘होकोकू मारू’ बुडाले. काफिल्यांची रोजची कंटाळवाणी राखण मात्र कोणी सांगत नाही, हे मला खटकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, दादा. भिंग लावून पाहिले. रुजू तारखेतला महिना मार्च दिसतो.