शब्दचर्चा: चित्रपटाच्या 'रिबूट'ला मराठीत काय म्हणावे?

कानामात्रा
परीक्षणांत 'रिबूट'साठी, म्हणजे आधीची कथा बाजूला ठेवून त्याच पात्राची गोष्ट नव्याने सुरू करणाऱ्या चित्रपटासाठी, पुनर्निर्मिती, पुनरारंभ, नवी आवृत्ती यांपैकी हाताला लागेल तो शब्द वापरला जातो. उदाहरणासाठी 'हल्क' घेऊ: राग आला की हिरवा राक्षस होणारा शास्त्रज्ञ बॅनर. २००३ साली आंग ली यांचा आला, नायक एरिक बाना. २००८ साली लुई लेतेरिए यांचा 'द इन्क्रेडिबल हल्क' आला, नायक एडवर्ड नॉर्टन. या दुसऱ्याला 'पुनर्निर्मिती' म्हटले तर काय बिघडते?

तिसरी घंटा
बरेच बिघडते. पुनर्निर्मिती म्हणजे रिमेक. त्यात कथानक तेच असते. इथे कथानकच टाकून दिले आहे. लींच्या चित्रपटात बॅनरचा बाप स्वतःवर प्रयोग करतो, त्याचा वारसा मुलाच्या रक्तात उतरतो आणि पुढे प्रयोगशाळेतल्या गॅमा किरणांच्या अपघाताने तो जागा होतो. लेतेरिएंकडे बापाची भानगडच नाही. लष्कराला महासैनिक हवे असतात, त्या प्रकल्पातून हल्क जन्मतो.

नाटकवाल्यांचा 'नव्या संचात' हाही इथे चालणार नाही. संच बदलला तरी संहिता तीच राहते. २०१२ साली नॉर्टनच्या जागी मार्क रफालो आला, तो खरा नवा संच: नट बदलला, पण २००८ मध्ये घडलेले सगळे कायम. म्हणून तर हल्कच्या मागे लागलेला विल्यम हर्टचा जनरल रॉस २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मध्ये परत दिसतो.

पुढे चालू
पण २००३ चा चित्रपट संपतो तेव्हा बॅनर दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आहे, आणि २००८ चा सुरू होतो तेव्हा तो ब्राझीलमध्ये, रिओच्या रोसिन्या वस्तीत लपून बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम करतो आहे. हे तर 'मागील पानावरून पुढे चालू' झाले! शिवाय रिबूट म्हटले की बराच वेळ उगमकथेत, म्हणजे नायक कसा घडला ते सांगण्यात जातो, तेही इथे नाही.

तिसरी घंटा
उगमकथा आहे, फक्त सुरुवातीच्या श्रेयनामावलीत उरकली आहे. ती दृश्ये नीट पाहा: खुर्चीत बसवलेला बॅनर, फसलेला प्रयोग, जखमी झालेली त्याची प्रेयसी बेटी. यातले काहीही लींच्या चित्रपटातले नाही. ती खुर्ची सत्तरच्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेची आठवण करून देते. कसोटी एवढीच लावावी: आधीच्या चित्रपटातली मोठी घटना नव्या कथेत 'घडून गेलेली' धरता येते का? येत असेल तर पुढचा भाग, नसेल तर रिबूट. नट आणि दिग्दर्शक बदलले का, हा प्रश्न इथे फसवा ठरतो. ब्राझीलचा दुवा मुद्दाम सैल ठेवला आहे, जुना प्रेक्षक बुजू नये म्हणून. इंग्रजीत या मिश्रणाला 'रिक्वेल' म्हणतात. मराठीत तो शब्द आणायची मुळीच गरज नाही.

ताळेबंद
कथेइतकेच हक्कही पाहावेत. लींच्या चित्रपटाचा खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे २४.५ कोटी. पहिल्या शुक्रवार ते रविवारात अमेरिकेत ६.२ कोटी आले आणि पुढच्या आठवडाअखेरीस गल्ला जवळपास ७० टक्क्यांनी घसरला. पडद्याचे चौकोन पाडून कॉमिकच्या पानासारखी केलेली मांडणी काहींना फार आवडली. हाणामारीसाठी आलेल्यांना बाप-लेकाचे मानसशास्त्र जड गेले. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने पुढचा भाग काढला नाही, निर्मितीचे हक्क हल्कचे कॉमिक काढणाऱ्या मार्व्हलकडे परतले, वितरण मात्र युनिव्हर्सलकडेच राहिले. गंमत अशी की नव्याची कमाईही २६ कोटींच्या आसपासच थांबली, आणि खर्च १५ कोटी.

कानामात्रा
मग 'पुनश्च हरिओम' कसे वाटते?

अनुस्वार
अर्थ उलटा होईल. टिळकांनी तुरुंगातून सुटल्यावर १८९९ साली 'केसरी'त तो मथळा दिला, तो खंडित झालेले तेच काम पुढे नेण्यासाठी. 'पुनरारंभ'लाही तीच छटा आहे: थांबलेले पुन्हा सुरू. रिबूटमध्ये मांडलेला डाव मोडलेला असतो, त्यामुळे मथळ्यात 'नवा डाव' सर्वांत जवळचा. 'हल्कचा नवा डाव' वाचणाऱ्याला लगेच कळते. मजकुरात 'रिबूट'च ठेवावा.

लिहिताना एक पाहा. सामान्यरूप केले तर 'बूट–बुटाचा'प्रमाणे 'रिबुटाचा', ऱ्हस्व. सामान्यरूप न करता प्रत्यय जोडला तर 'रिबूटचा', दीर्घ. 'रिबूटाचा' दोन्हीकडून चूक. क्रियापद 'रिबूट करणे'. 'रिबूट मारणे' संगणकापुरते ठेवा.

पुढे चालू
'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) या कसोटीवर कुठे बसतो? तो १९७८ आणि १९८० च्या चित्रपटांचा धागा सैलसर पकडतो, १९८३ आणि १९८७ चे मात्र विसरतो.

तिसरी घंटा
पुढचा भागच, पण निवडक. 'तिसरा-चौथा भाग वगळून पुढे' असे सरळ लिहावे. त्यानंतरचा 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मात्र निर्विवाद रिबूट: सुपरमॅनच्या जन्मग्रहापासून, क्रिप्टॉनपासून सगळे नव्याने.