पर्यटन संचालनालयाची नोंदणी म्हणजे शेवट नव्हे

नाशकात घरातली खोली पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की पर्यटन संचालनालयाकडे 'निवास व न्याहारी' योजनेत घराची नोंदणी झाली की बाकी कटकट नाही. सोसायटीची ना-हरकत तरीही लागते, असं सांगून ते इथे आधीच खोडलं गेलंय, पण परदेशी पाहुण्यांचा मुद्दा कुणीच काढला नाही. द्राक्षबागा आणि योगवर्गांमुळे नाशकात ते येतातच. घरातली एकच खोली दिलेली असली, तरी परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म ('फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते, बुकिंग घेणाऱ्या ॲपची नाही. हा फॉर्म भरण्यासाठी लागणारं ऑनलाइन खातं स्थानिक परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी मंजूर करतो, म्हणून पहिलं बुकिंग येण्याआधीच अर्ज करून ठेवा. मी बुकिंग पक्कं होतानाच पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मागवते. पाहुणे भारतात कधी उतरले आणि पुढे कुठे जाणार, हेही फॉर्मात लागतं. रात्री दमून आलेल्या माणसाला हे विचारत बसणं बरं नाही.

आणि हद्द नीट बघा. त्र्यंबकेश्वरला नगरपरिषद वेगळी, पोलीसही ग्रामीणचे. नाशिक महापालिकेचे कागद तिथे चालत नाहीत. 2027 च्या सिंहस्थासाठी तिकडे खोल्या काढणाऱ्यांनी ही चौकशी आत्ताच करावी.