चौघांत एकालाच डास का चावतात? आणि उघड्यावर करायचं काय?

अनगोळकर:
संध्याकाळी मंडपात चौघं शेजारी-शेजारी बसतात आणि त्यातल्या एकाच्याच घोट्याला डास चावूलेत, बाकीच्यांना पत्ताच नाही. कुणी म्हणतं रक्त गोड, कुणी म्हणतं ओ गट असला की डास सोडत नाहीत, कुणी लसूण खायला सांगतं. यातलं खरं काय? घरातलं विचारत नाही, तिथं जाळी आणि मच्छरदाणी आहे. प्रश्न बाहेरचा आहे: गणपतीचा मंडप, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातलं सकाळचं फिरणं, आणि खानापूरकडं नट्टीच्या (भातलावणीच्या) दिवसांत शेत. क्रीम लावूनही तासाभरात चावतात, ते का?

हलशीकर:
रक्त गोड की कडू हे चावल्यावर कळणार. माणूस निवडून झालेला असतो त्याच्या आधीच. चावते फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं लागतात. सगळ्यात आधी ती श्वासाचा माग काढते. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के आणि आपण सोडलेल्या श्वासात ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट. हा श्वास वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि मादी त्याच्या उलट दिशेनं उडत येते. जवळ आली की कपड्याचा रंग, कातडीचा वास, आणि अगदी शेवटी अंगाची ऊब आणि ओल.

एकालाच का, याचं उत्तर बहुतेक कातडीच्या वासात आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठानं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या हाताला सहा-सहा तास नायलॉनचे मोजे घातले आणि त्या मोज्यांचे तुकडे एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांपुढं ठेवले. ज्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त, त्यांच्याकडं डास जास्त. आणि महिने-वर्षं गेली तरी माणसांचा क्रम जवळपास तोच राहिला. ही आम्लं कातडीतल्या तेलातून आणि तिच्यावरच्या जिवाणूंमुळं तयार होतात. साबण बदलून किंवा दोनदा आंघोळ करून हा वास कायमचा जात नाही.

त्यावर भर घालणाऱ्या गोष्टी म्हणजे थोराड शरीर, नुकताच केलेला व्यायाम (दम, घाम, ऊब सगळं एकदम) आणि गरोदरपण. बिअरनंही डास वाढतात. जपानमध्ये २००२ साली ३५० मिली बिअरवर हे तपासलंय.

आणखी एक. "मला चावतच नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना चावतात, फक्त गांधी उठत नाहीत. गांध आणि खाज ही डासाच्या लाळेवरची आपल्या शरीराची प्रतिक्रिया आहे, ती प्रत्येकाची वेगळी. त्यामुळं मंडपातल्या चौघांत खरा फरक दिसतो त्यापेक्षा कमी असू शकतो.

औषधपेटी:
रक्तगटाचं वर राहून गेलं. ओ गटावर डास जास्त बसले असं एका प्रयोगात दिसलं होतं, पण सगळ्या अभ्यासांत ते जुळत नाही. त्यावर विसंबू नका. लसूण आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपासून झाल्यात, उपयोग नाही.

आता क्रीम. ते "चालत नाही" याचं कारण बहुतेक वेळा क्रीम नसतं, मात्रा असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीमची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एका पायाला गुडघ्यापासून बोटांपर्यंत अशा पाच रेघा लागतात, एका हाताला कोपरापासून खाली अडीच. दोन्ही पाय, दोन्ही हात मिळून साडेसात ग्रॅम झाले. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब सहा-सात वेळांत संपायला हवी. तुमची महिनाभर पुरत असेल तर तुम्ही क्रीम लावत नाही, नुसता वास लावताय.

दुसरी चूक सुटलेल्या जागांची. क्रीम कातडीभोवती भिंत उभी करत नाही, जिथं लागलंय तिथंच काम करतं. डास पोटरीवरून उठतो आणि चपलेच्या पट्ट्याशेजारच्या बोटभर कोरड्या जागेवर जाऊन बसतो. घोटा, टाच, पायाची बोटं, कोपर, मान आणि कानामागे आधी लावा.

घेताना लेबल वाचा. ओडोमॉसवर एन, एन-डायइथिल बेंझामाइड हे डास पळवणारं रसायन १२ टक्के असतं. डीट हे तसलंच दुसरं रसायन, ते २० ते ३० टक्के घेतलं तर चार-पाच तास जातात. ५० टक्क्यांच्या वर गेल्यानं वेळ वाढत नाही. डीट प्लास्टिक खातं, तेव्हा चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, मोबाइलचं कव्हर सांभाळा. सिट्रोनेला तेल २००२ च्या एका मोठ्या तुलनेत वीस मिनिटंही टिकलं नाही, आणि औषध भरलेले मनगटाचे पट्टे तर मिनिटभरही नाहीत. तरी जत्रेत विकतात आणि लोक घेतात.

सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, वाळलं की मग क्रीम. लहान मुलांच्या तळहाताला लावू नका, हात तोंडात जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट अजिबात नाही, त्याला जाळीच.

अनगोळकर:
ट्यूबचा हिशोब बरोबर बसला, आमच्याकडं एक ट्यूब दीड महिना जाते. पण नट्टीत पाय चिखलात असताना क्रीमचं काय?

शिवारगडी:
पायाला लावूच नका, पाण्यात धुवून जातं. चिखलात बुडालेल्या पायाला डास चावतही नाही. चावतात ते पाठीला, कमरेला, मानेला. वाकून रोप लावताना शर्ट वर सरकतो आणि कमरेची चार बोटं उघडी पडतात, ती आपल्याला दिसत नाहीत. वर भिजलेला शर्ट खांद्याच्या पात्याला चिकटला की डासाची सोंड त्यातून आरपार जाते. लेगिंग्जचंही तेच. म्हणून कापड जाड असण्यापेक्षा सैल असणं महत्त्वाचं. आत बनियन, वर ढगळ पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तो खोचलेला. इरलं घेतलं तर पाठ आपोआप झाकते, पण त्याच्याखाली मान उघडी राहते. क्रीम मान, कमर, हाताच्या मागच्या बाजूला, आणि घाम भरपूर असेल तर दोन तासांनी परत.

रंगाचं एक खरं आहे. श्वासाचा वास आल्यावर एडिस डास काळ्या, लाल, नारंगी रंगाकडं झेपावतात, पांढऱ्याकडं आणि हिरव्याकडं नाही, असा प्रयोग २०२२ मध्ये झालाय. फिकट कपडे बरे.

भातखाचरातला डास बहुतेक क्युलेक्स, तो अंधार पडल्यावरचा. जपानी मेंदूज्वर पसरवणारा तोच, विशेषतः डुकरं आणि बगळे जवळ असतील तिथं. तेव्हा बांधावर सातनंतर रेंगाळू नका. गोठ्यात लक्कीचा (निर्गुंडीचा) धूर करतात, त्यानं धूर असेपर्यंत डास कमी होतात, विझला की परत. छातीला मात्र तो त्रासच देतो.

जांबोटी-कणकुंबीच्या रानात जाणाऱ्यांनी डासांइतकंच गोचिडांकडं लक्ष द्यावं. माकडतापाच्या (हा गोचीड चावून होतो) भागात कर्नाटकचं आरोग्य खातं डेपा तेल वाटतं, ते ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं काढलंय. गोचीड आणि डास दोन्हींवर चालतं.

मंडपकार्यकर्ता:
मंडपासाठी क्रीमपेक्षा पंखा भारी. डास ताशी जेमतेम दोन-तीन किलोमीटर वेगानं उडतो, उभ्या पंख्याच्या झोतात त्याला बसताच येत नाही, आणि श्वासही विखुरतो. पण पंखा डोक्यावर नको. खुर्च्यांच्या खालून, घोट्याच्या उंचीवर, जमिनीला समांतर झोत. दोन्ही टोकांना एक-एक ठेवला तर मधे वारा न लागणारा कोपरा उरत नाही. उघड्यावर कॉइल लावायचीच असेल तर वारा येतो त्या बाजूला, दोन-तीन हातांवर. वारा बदलला की ती हलवावी लागते, हे कुणी करत नाही. निळ्या दिव्याचं चरचरणारं मशीन ठेवू नका, त्यात पाकोळ्या मरतात आणि डास तुमच्याकडंच येतात.

आणि मंडपाचे डास मंडपातच तयार होतात. ताडपत्रीच्या खोळीत साचलेलं पाणी, प्रसादाच्या नारळाच्या करवंट्या, मागं ठेवलेले बॅरल. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, अनंत चतुर्दशीपर्यंत एक पिढी तयार. बॅरल नुसता ओतून चालत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काठाला चिकटतात आणि कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, काथ्यानं घासावीच लागतात. २०२४ साली कर्नाटकानं डेंग्यू साथरोग जाहीर केला तेव्हापासून अळ्या सापडल्या की दंडही आहे, घराला शहरात ४०० रुपये, खेड्यात २००.

व्हॅक्सिन डेपोतल्या सकाळसाठी: डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्ताआधीचे. "आम्ही रात्री क्रीम लावतो" याचा तिथं उपयोग नाही.

अनगोळकर:
पंखा घोट्याला, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फिरायला जाताना अर्धी चड्डी असते, मग मोजे घातले तर पुरे?

औषधपेटी:
पातळ मोज्यातून चावतात. मोजा जाड घ्या आणि त्याच्या वरच्या काठापासून गुडघ्यापर्यंत क्रीम, काठाच्या आत बोटभर घेऊन.