उंदीर बरे झाले, आमची माणसं गेली?

राजारामपुरीकर: काल ग्रुपवर पाटलांनी लिहिलं, 'मेंदूच्या ट्यूमरच्या स्टेम सेलवर वीस वर्षं उंदीर मारले, पेशंट तसेच मरतायत. ते पैसे जिल्ह्यात रेडिएशनच्या मशीनला द्या.' त्याला पडलेले अंगठे बघून राहवेना. या स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून गाठ पुन्हा उगवते असं मानतात, त्या मोजक्या मूळ पेशी. २००४ साली टोरांटोत पीटर डर्क्स यांच्या गटानं दाखवलं, की अंगावर सीडी१३३ या प्रथिनाची खूण असलेल्या नुसत्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत टोचल्या तरी माणसासारखाच ट्यूमर उगवतो. खूण नसलेल्या हजारो टोचल्या तरी नाही. २००६ मध्ये कळलं, ह्याच पेशी रेडिएशननं तुटलेला डीएनए झटपट सांधतात. म्हणजे पाटील, तुमचं मशीन जिला सहज मारू शकत नाही, तीच ही पेशी. वरवर खुरपून हरळी जाते का? जमिनीखालच्या काशा वेचाव्या लागतात.

शिरोळचे पाटील: शेती मला शिकवू नका. चुलत्याला ग्लायोब्लास्टोमा, म्हंजे मेंदूचा लई वाईट कॅन्सर झाला, तवा रेडिएशनसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळचं टाटा हॉस्पिटल गाठलं. धर्मशाळेत जागा नाही, चुलती फुटपाथवर. तवा तुमची सीडी का काय ती कुठं होती?

पेशीवाली: लॅबमध्ये काम करते म्हणून बोलते. राजारामपुरीकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. खूण नसलेल्या पेशींपासूनही ट्यूमर होतो, हे नंतर इतरांनी दाखवलं. २००८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर तर कहरच झाला. प्रतिकारशक्ती आणखी लुळी असलेला उंदीर घेतल्यावर साधारण चारातली एक पेशी ट्यूमर करायला लागली. 'मोजक्याच मूळ पेशी' हे उंदरावर ठरतं की काय! त्यात या पेशी रूपही पालटतात.

सुमनकाकू: स्टेम सेल म्हणजे नाळेतलं रक्त ना? नातवाचं ठेवलंय आम्ही. हप्ते चालू आहेत.

पेशीवाली: नाही काकू, इथं गाठीतल्या पेशींचं चाललंय, ते वेगळं. आणि मूल पुढं आजारी पडलं तर त्यालाच उपयोगी पडेल म्हणून खासगीत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

सुमनकाकू: सून म्हणाली डॉक्टरच म्हणाले!

गंगावेशकर: डॉक्टर काय बी म्हणतात. माझ्या गुडघ्यात एकानं 'स्टेम सेल' टोचलं. गुडघा तसाच, खिसा हलका.

राजारामपुरीकर: अहो विषय ग्लायोब्लास्टोमाचा आहे!

गंगावेशकर: तुमचा. आमचा गुडघ्याचा. धागा काय सातबाऱ्यावर लिहून घेतलाय?

पेशीवाली: रक्ताच्या आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट आणि सरकारनं मंजूर केलेली मोजकी उत्पादनं सोडली, तर ट्रायलबाहेर असं टोचायला परवानगीच नाही.

गंगावेशकर: हे आधी सांगायचं की, ताई!

शिरोळचे पाटील: वीस वर्षांत ग्लायोब्लास्टोमाला नवं काय मिळालं, तेवढं सांगा.

पेशीवाली: २००५ मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची जोड मिळाली. मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट जितकं तरी जगतात ते, १२.१ महिन्यांवरून १४.६.

शिरोळचे पाटील: अडीच महिने. वा! हत्तीवरनं साखर वाटा.

राजारामपुरीकर: म्हणूनच तर मूळ शोधायचं! पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून, कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखून मारायला सोडायच्या, अशा आयआयटी मुंबई आणि टाटाच्या नेक्सकार१९ या थेरपीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तीही आधी उंदरांतच तपासली होती.

पेशीवाली: ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. मेंदूच्या गाठीत सगळ्या पेशींवर एकच खूण नसते, तिथंच गाडी अडते.

शिरोळचे पाटील: बरं, उंदीर ठेवा. पण मशीन बी द्या. चुलतीला पुन्हा फुटपाथवर झोपवणार नाही मी.

राजारामपुरीकर: मशीन नको असं कोण म्हणालं?

सुमनकाकू: ते राहू दे. पुढचा हप्ता भरू का नको?

गंगावेशकर: सुनेला विचारा. आम्हाला भांडणात ओढू नका.