गाईच्या ढेकराला द्विदल चाऱ्याचा उतारा: सोलापुरात जमेल का?

माळावरचा (मोहोळ)
उसाचं गळीत सुरू झालं की दावणीत वाढे (उसाचे शेंडे), गळीत संपलं की कडबा. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक जनावरांचं वर्ष एवढ्यावरच निघतं. पोट भरतं, पण प्रथिनं नावाला आणि तंतू फार. असा चारा कोठीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात) रेंगाळतो आणि मिथेन, म्हणजे ढेकरावाटे निघणारा, हवा तापवणारा वायू, जास्त होतो. खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के या वायूवाटे उडून जाते. चारा विकत आपण घ्यायचा, आणि त्यातला वाटा हवेला!
म्हणून माझं म्हणणं, रोजच्या चाऱ्यात एक वाटा द्विदलाचा हवाच. लसूणघास, चवळी, शेवरी, सुबाभूळ, अगदीच नाही तर तुरीचं भुसकट. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं राहतो. आज कमी केला तर गुण आपल्याच हयातीत दिसेल.

बांधावरून (करमाळा)
राव, लसूणघासाला आठ-दहा दिवसाला पाणी लागतं. उजनीचं पाणी ज्याच्या शिवारात खेळतं त्यानं हे बोलावं. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर.
आणि ही मिथेनची भानगड कुणाची? २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के घटवायचं कबूल केलं, भारतानं सही केली नाही. बरोबरच केलं. आमच्या दोन गाईंवर पोरांची फी निघते. तेलाच्या विहिरीवर जळणारा जाळ आधी विझवा, मग माझ्या गाईचा ढेकर मोजायला या.

सुई-सलाईन (पशुवैद्यक, बार्शी)
ढेकर म्हणालात ते बरं केलंत. नाहीतर लोकांना वाटतं वायू मागच्या बाजूनं जातो. नव्वद टक्क्यांच्या वर तो तोंडावाटेच निघतो.
माळावरचे दादा, तुम्ही सगळी द्विदलं एकाच पाटीत भरलीत. लसूणघास लवकर पचतो, म्हणून त्याचा फायदा. सुबाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते मिथेन करणाऱ्या जंतूंनाच आवरतं. पण सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्यही असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढं गेलात तर केस गळतात. तुरीचा पाला आणि शेंगांची टरफलं चालतील, तुराट्या मात्र चुलीतच घाला, त्यांचा तंतू कडब्याहून चिवट.
आणि दव पडलेला कोवळा घास उपाशी गाईपुढं टाकू नका. फेसाळ पोटफुगी होते, मग मध्यरात्री मला फोन. आधी थोडा कडबा, मग सुकवलेला घास. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय, फोन येतातच.

हिशेबी
डॉक्टरसाहेब, एक गोष्ट दोन्ही बाजू गाळतायत. कमी होतं ते लिटरमागं की जनावरामागं? चांगला चारा मिळाला की गाय जास्त खाते, जास्त दूध देते. लिटरमागं मिथेन उतरतो, पण गाईमागं तेवढाच राहू शकतो, कधी वाढतोही. लिटरमागच्या आकड्याचा उपयोग केव्हा, तर तेवढंच दूध कमी जनावरांत निघालं तर. आपल्याकडं भाकड गाय तरी कोण काढतो?
दुसरं, प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली की नत्र मुतावाटे बाहेर पडतं आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो. १०० वर्षांच्या हिशेबात तो हवा कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. मिथेन सुमारे २८ पट. एक भोक बुजवायला जाऊन दुसरं पाडायचं का?

माळावरचा (मोहोळ)
मुताचा मुद्दा खरा, पण ज्याच्या दावणीत नुसते वाढे आहेत त्याला जास्त प्रथिनांची भीती घालणं म्हणजे उपाशी माणसाला मधुमेहावर भाषण. आपल्याकडं अडचण तुटवड्याची आहे. शिवाय द्विदल मुळांवाटे नत्र जमिनीत धरतं, पुढच्या ज्वारीला युरिया थोडा कमी लागतो. तोही हिशेबात धरा की.
तुराट्यांचं डॉक्टरांनी दुरुस्त केलं, मान्य. मी सरसकट भुसकट म्हणून गेलो. लसूणघासाचा हट्टही सोडतो. कोरडवाहूला शेवरी-सुबाभूळ बांधावर, आणि पावसाळ्यात मक्यात चवळी. भाकड गाईंवर माझ्याकडं उत्तर नाही.

बांधावरून (करमाळा)
आता जमिनीवर आलात. तरी माझं मत तेच. चारा सुधारा म्हणा, मी ऐकतो. वातावरणासाठी सुधारा म्हणालात की उद्या कुणीतरी ढेकरावर कर लावायला येईल.

दावणीवाली (सांगोला)
सगळे पुरुषच बोलताय, म्हणून लिहिते. आमच्याकडं दोन पंढरपुरी म्हशी आणि खिलाराची जोडी. मागच्या पावसाळ्यात मक्यात चवळी पेरली होती. म्हशींनी आवडीनं खाल्ली, दूध घट्ट लागलं. मिथेनचं आमच्याकडं कोण मोजतंय?
शेवरीला मात्र म्हशी चार दिवस तोंड लावत नव्हत्या. कडब्याच्या कुट्टीत थोडी थोडी मिसळली, तेव्हा कुठं सवय लागली. शेळ्यांनी पहिल्याच दिवशी फडशा पाडला.

माळावरचा (मोहोळ)
ताई, हेच हवं होतं. सुबाभूळ पण लावून बघा. बी टणक असतं, तसंच टाकलं तर उगवत नाही. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवायचं. झाड कमरेएवढं ठेवून दर दीड-दोन महिन्यांनी छाटलं की कोवळा पाला मिळत राहतो.

दावणीवाली (सांगोला)
भिजवते दादा. पण कडबा एकदा गंजीला लावला की वर्षभर नुसता ओढून टाकायचा. हा पाला रोज कापायचा, रोज डोक्यावरून आणायचा. ते कोण करणार, तेही लिहा.