मदत हवी आहे: पागासाठी भंगारातल्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत काका पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकायचा. तो गेल्यावर पाग माझ्याकडे आला. जाळं धड आहे, दोन-चार ठिकाणी शिवलं की झालं. पण कडेच्या शिशाच्या गोळ्या निम्म्याहून जास्त गळून गेल्यात. कड हलकी असली की पाग हवेत छान उघडतो, पण पाण्यात बसायला वेळ लावतो आणि तेवढ्यात बोई मासे खालून पसार होतात.

उरलेली एक गोळी सोनाराकडे काट्यावर ठेवून पाहिली, १२ ग्रॅम भरली. लांबी अडीच सेंटिमीटर, जाडी ८ मिलिमीटर, मधे दोरीसाठी ३ मिलिमीटरचं आरपार भोक. घेर साधारण १५ मीटर, दर ५ सेंटिमीटरला एक, म्हणजे ३०० गोळ्या. त्यातल्या १७० मला नव्याने करायच्या आहेत. बाजारातल्या तयार गोळ्या आणल्या होत्या, पण त्या हलक्या निघाल्या. जुन्यांत मिसळल्या की पाग एका अंगाने आधी बसतो. काका स्वतः ओतायचा, पण कसं ते मी कधी विचारून घेतलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

भंगारवाल्याकडून पाच किलो शिसं आणलंय. त्यात जुन्या केबलवरचं कवच आहे, गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी मारतात ती वजनं आहेत आणि बंद पडलेल्या छापखान्यातले पिशवीभर खिळे (छपाईची सुटी अक्षरं) आहेत. बॅटरीच्या प्लेटा स्वस्तात देतो म्हणतोय, त्या अजून घेतलेल्या नाहीत.

गेल्या रविवारी पडवीत गॅसच्या शेगडीवर जर्मनच्या जुन्या पातेल्यात थोडं वितळवून पाहिलं. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या आल्या, काही अर्ध्याच भरल्या. मग केबलचा आणखी एक तुकडा आत सोडला तर फट्‌कन आवाज झाला आणि शिसं छपराच्या वाशापर्यंत उडालं. माझ्या मनगटावर तांदळाएवढे दोन चट्टे उठलेत. माझी चार वर्षांची मुलगी तेव्हा उंबऱ्यात उभी होती. तिला काही लागलं नाही, पण मी लगेच शेगडी बंद केली आणि तेव्हापासून कशाला हात लावलेला नाही.

काम सोडायचं नाही, पण नीट शिकून करायचं आहे. यातलं कोणतं भंगार घ्यावं? गोळ्या सुरकुततात कशाने? आणि घरात लहान मूल असताना हे करावं का?

ओतकाम_५५

दादा, आधी ते जर्मनचं पातेलं बाद करा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६०ला. वितळणार नाही, पण त्या तापात ते मऊ पडतं, आणि चार किलो शिसं भरलेलं पातेलं उचलताना कान सुटला तर पायावर येईल. बिडाची किंवा जाड लोखंडाची कढई घ्या. कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्यांना लाल रंगाचा पट्टाच मारून ठेवा.

फट्‌कन उडालं ते पाण्यामुळे. केबलच्या कवचाच्या घडीत ओल राहते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि वर जड शिसं असतं. म्हणून नियम एकच : वितळलेल्या शिशात थंड तुकडा कधीही टाकायचा नाही. सगळं भंगार थंड कढईतच भरायचं आणि सगळ्याला एकत्र ताप द्यायचा, म्हणजे ओल आधीच उडून जाते. भर घालायची तर आच बंद करून, शिसं थिजू देऊन मगच. पळीसुद्धा आधी कढईच्या कडेवर गरम करून घ्या. पावसाळी हवेत हे काम नकोच.

सुरकुत्या येतात साचा थंड असल्यामुळे. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या साचा तापवण्यासाठीच असतात, त्या परत कढईत जातात. (त्यासुद्धा पुढच्या खेपेला, थंड कढईत.) साच्याला मेणबत्तीची काजळी धरा, गोळी सहज सुटते. शिसं कमी तापलं तरी सुरकुततं, पण म्हणून भरमसाट तापवू नका. शुद्ध शिशावर सोनेरी-जांभळी साय धरायला लागली की आच कमी करायची वेळ झाली.

खाडीवरचा

भंगाराबद्दल सांगतो. केबलचं कवच मऊ असतं, पागाला तेच हवं. नखाने ओरखडा उठतो, कटरने लोण्यासारखं कापलं जातं. चाकाची वजनं एकेक करून तपासा, कारण आता त्यांत जस्त आणि लोखंड भरपूर येतं. लोखंड चुंबकाला लागतं. जस्तावर नख उठत नाही, आपटलं की खणकन वाजतं, आणि संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून आच बेताची असेल तर ते वर तरंगतं आणि पळीने काढता येतं. एकदा का आत विरघळलं, की सगळा घाणा भाताच्या पेजेसारखा दाट होतो आणि साच्यात नीट उतरत नाही.

छापखान्याचे खिळे पागाला नकोत. त्यांत अँटिमनी आणि कथील मिसळलेलं असतं, अक्षराची धार टिकावी म्हणून. कडक आणि ठिसूळ. खडकावर पाग आपटला की गोळी तडकते. आणि खरं सांगू, जुळारी मंडळींच्या हातातले ते खिळे, वितळवायला जीव होत नाही. अक्षरं शाबूत असतील तर कुणाला तरी ठेवायला द्या.

बॅटरीच्या प्लेटांना हात लावू नका, फुकट दिल्या तरी. त्यांत ॲसिड असतं, शिशाचं सल्फेट असतं, शिवाय अँटिमनी आणि कधी आर्सेनिक. त्या वितळवल्यावर वर जमणाऱ्या मळीला पुढे ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतो. बॅटरी दुकानदाराकडेच परत जायला हवी.

सह्याद्रीची_लेक

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून मुलीबद्दल लिहिते. पडवीत पुन्हा करू नका. लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात अंगात शोषलं जातं आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळलं तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवावं, असं त्यांची २०२१ची सूचना सांगते.

धुरापेक्षा धूळ घरात जास्त येते : वर जमते ती करडी मळी, कपडे, नखं, चपला. घरापासून लांब, उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन बसा. कपडे वेगळे धुवा, अंघोळ करूनच मुलीला जवळ घ्या. तिथे बसून चहा-विडी काहीही नको. पडवी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका, धूळ उडते. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा, आगरात पुरू नका.

आणि एक विचारते, तुमचे काका पाग फेकताना कड दातात धरायचे का?

धागाकर्ता

हो, धरायचा. मीही त्याचं बघून तसंच धरतो. त्याच्या गोळ्यांवर दातांच्या खुणा आहेत, दोन-तीन गोळ्यांवर तर अगदी स्पष्ट. त्या खुणा बघून मला तो आठवतो, म्हणून त्या मी बदलणार नव्हतो. यात धोका असेल हे डोक्यातच आलं नाही.

सह्याद्रीची_लेक

त्या दोन-तीन काढून काचेच्या बरणीत ठेवा, आठवण म्हणून. पण दातात शिसं धरणं आजपासून बंद. खांद्यावर आणि कोपरावर घेऊन फेकायची पद्धत आहे, ती शिकून घ्या. स्वतःचं आणि मुलीचं रक्त एकदा तपासून घ्या.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये असतो, मूळचा गुहागरचा. इथे १९८७ पासून गळाला लावायच्या २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. अगदी बारीक छर्रे तेवढे वगळलेत. तळातली शिशं खडे समजून गिळून हंस मरत होते. तुमच्या गोळ्या १२ ग्रॅमच्या, म्हणजे त्याच मापातल्या. ओतायला मनाई करत नाही, पण कडेची दोरी आधी नवी घाला. दोरी कुजली की गोळ्या खाडीतच राहतात. दर दहा गोळ्यांमागे एक गाठ मारली तर दोरी तुटली तरी दहाच जातात.

ओतकाम_५५

साच्याचं राहिलं. ॲल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या सी-क्लँपमध्ये घट्ट आवळा आणि बरोबर सांध्यावर ८ मिलिमीटरचं भोक पाडा, अडीच सेंटिमीटर खोल. तळाशी त्याच मध्यावर बारीक भोक आरपार. त्यातून वेल्डिंगचा रॉड उभा करा. ३.१५ मिलिमीटरचा जो मिळतो त्यावरचा लेप ठोकून झाडला की आतली तार तुमच्या भोकाच्या मापाची निघते. तारेलाही काजळी धरा. गोळी थिजली की गरम असतानाच पक्कडीने तार पिळून ओढायची, गार झाली की शिसं आवळून बसतं. पट्ट्यांना नीट कोरडं तापवा. प्लास्टरच्या साच्याच्या वाटेला जाऊ नका, त्यात ओल लपते.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय. मळ्याच्या टोकाला, घरापासून लांब, दगडांची चूल मांडली. बिडाची कढई जुन्या बाजारातून आणली. पहिल्या अकरा गोळ्या परत टाकायला बाजूला ठेवल्या, बारावी साच्यातून निघाली ती चकचकीत, एकही सुरकुती नाही. काट्यावर बारा ग्रॅमला गुंजभर कमी. हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो.

वजनांमधली सात जस्ताची निघाली, ॲसिडने फसफसली. खिळे तसेच ठेवलेत. आमच्या दोघांचे रिपोर्ट आले, मुलीचा पाचाच्या खूप खाली आहे. माझा थोडा वर आहे, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हटलंय. दातांच्या खुणांच्या तीन गोळ्या बरणीत ठेवल्या. कोपरावरून फेकायला शिकतोय, अजून पाग पुरता उघडत नाही.

१७० आणि बरणीतल्या तिघींच्या बदल्यात ३ मिळून १७३ हव्यात, १६१ झाल्यात. केबलचं कवच संपलं. रत्नागिरी-संगमेश्वर भागात कुणाकडे पाव किलोभर असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.