शब्दचर्चा : 'मोबिलायझेशन'ला काय म्हणायचं? (युक्रेनच्या बातम्यांतले शब्द)

टाचणी : युक्रेनच्या बातम्यांत 'मोबिलायझेशन'साठी कुठे 'जमवाजमव', कुठे 'लामबंदी', कुठे 'सक्तीची भरती' दिसतं. यातलं चालणारं कोणतं?

कोशकीटक : 'जमवाजमव' आधी बाद करा. 'सीमेवर सैन्याची जमवाजमव' म्हणजे असलेलं सैन्य एका जागी आणणं. इथे नागरिकाला गणवेशात आणायचंय. 'लामबंदी' हिंदी वृत्तवाहिन्यांवरून आलाय, मराठी वाचकाला तो राजकीय मोर्चेबांधणीचा वाटतो.

'सक्तीची भरती' समजते, पण युक्रेनच्या कायद्यात गोष्टी दोन आहेत. एक, तरुणांसाठीची ठरावीक मुदतीची सेवा. मुदत संपली की घरी. दुसरी, २४ फेब्रुवारी २०२२ ला जाहीर झालेली सार्वत्रिक भरती, जिच्यात सैनिकाच्या सेवेला मुदतच ठरवली नव्हती. २०२४ च्या भरती कायद्याच्या मसुद्यात ३६ महिन्यांनी सैनिकाला सोडायची तरतूद होती, ती मतदानाआधी काढली गेली. पहिलीला 'अनिवार्य सेवा' आणि दुसरीला 'युद्धभरती' म्हटलं तर फरक राहतो. दोन्हींना 'सक्तीची भरती' म्हटलं की मुदतीचा मुद्दाच बुडतो, आणि तिथल्या सैनिकांच्या बायका रस्त्यावर उतरल्या त्या नेमक्या याच मुद्द्यावर.

उपसंपादक२ : वयाचीही गफलत होते. '१८ ते ६० वयाच्या पुरुषांना सैन्यात घेतात' हे वाक्य चूक. १८ ते ६० ही देश सोडण्यावरच्या बंदीची मर्यादा होती, आणि त्यातही ऑगस्ट २०२५ पासून १८ ते २२ वयाच्यांना बाहेर जाऊ देतात. युद्धभरतीचं किमान वय आधी २७ होतं, एप्रिल २०२४ मध्ये २५ केलं. यादीत नाव असलेल्याला 'भरतीपात्र' म्हणा, 'भरती झालेला' नव्हे.

टाचणी : आणि हातात जो कागद देतात तो? समन्स?

उपसंपादक२ : 'समन्स' म्हटलं की कोर्ट आठवतं. 'भरती कार्यालयाची नोटीस' पुरे. त्या नोटिशीने माणूस लगेच सैनिक होत नाही. कारणं तीन असतात : माहिती तपासून घ्या, वैद्यकीय मंडळापुढे या, किंवा तुकडीकडे रवाना व्हायला या. पहिल्या प्रकारच्या नोटिशीवर 'आघाडीवर पाठवले' असा मथळा येतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

'बजावणे' हे क्रियापद मात्र इथे चपखल बसतं. २०२४ च्या नियमांनुसार नोटीस नोंदणीकृत टपालाने येते. घेणाऱ्याने नाकारली, किंवा नोंदवलेल्या पत्त्यावर तो सापडला नाही, तरी टपालखात्याच्या शेऱ्याच्या तारखेला ती बजावली गेली असं धरतात. म्हणून 'नोटीस मिळाली' आणि 'नोटीस बजावली' यांची सरमिसळ करू नये.

रसदपाणी : सगळ्यात मोठा सापळा 'आरक्षणा'चा. महत्त्वाच्या उद्योगातल्या कामगाराला भरतीतून वगळून कामावरच ठेवतात, त्याला तिकडे 'ब्रोन्युवान्न्या' म्हणतात. मराठीत 'आरक्षण' लिहिलं की वाचक कोट्याकडे जातो, आणि 'राखीव' लिहिलं तर अर्थ थेट उलटा होतो, कारण राखीव दलाला आधी बोलावतात! 'कामावर राखणे' बरं. कंपनीला साधारणपणे भरतीपात्र कर्मचाऱ्यांपैकी निम्मेच असे राखता येतात. २०२४ च्या डिसेंबरपासून त्यासाठी पगाराचीही अट आली : किमान वेतनाच्या अडीचपट, म्हणजे तेव्हाचे २०,००० ऱ्हिवनिया (युक्रेनचं चलन).

तीन किंवा जास्त मुलांचा बाप, विद्यार्थी, अपंग आईवडिलांना सांभाळणारा यांना मिळते ती 'सूट' नव्हे, 'तहकुबी'. कारण संपलं की तीही संपते.

कोशकीटक : चुकवणाऱ्याला 'भरतीचुकार' सुचवतो, 'कामचुकार'च्या धर्तीवर. 'पळपुटा' आणि 'फरारी' हे आधीच सैन्यात असलेल्यांसाठी ठेवा. गुन्हेही वेगळे आहेत : भरती चुकवण्याला कलम ३३६ खाली ३ ते ५ वर्षं, लष्करी कायदा लागू असताना तुकडी सोडून जाण्याला कलम ४०७ खाली ५ ते १०. रस्त्यावरून माणूस मिनीबसमध्ये कोंबून नेण्याला त्यांनी 'बुसिफिकात्सिया' हा शब्दच घडवलाय. आपल्याकडे तयार आहे : 'उचलणे'. 'त्याला बाजारातून उचलला' यात जबरदस्तीही आली आणि बोलणाऱ्याचा सूरही.

टाचणी : भ्रष्टाचाराच्या बातम्यांत सगळीकडे 'लाच' एवढंच येतं.

रसदपाणी : कारण सोपं पडतं. ऑगस्ट २०२३ मध्ये झेलेन्स्कींनी सगळ्या प्रादेशिक भरती कार्यालयांचे प्रमुख हटवले, तिथे 'लाच' बरोबरच आहे : पैसे द्या, अपात्रतेचा कागद घ्या. ऑक्टोबर २०२४ चं प्रकरण 'बोगस दाखल्यां'चं. ख्मेल्नित्स्की प्रांतातल्या, अपंगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या प्रमुखाकडे जवळपास ६० लाख डॉलर रोख सापडले, सरकारी वकिलांनीच अपंगत्वाचे दाखले घेतल्याचं निघालं, सरकारी वकिलांचे प्रमुख, महाअभियोक्ता कोस्तिन यांना जावं लागलं आणि १ जानेवारी २०२५ पासून ती मंडळंच मोडीत निघाली.

जानेवारी २०२३ चं अंड्यांचं प्रकरण वेगळं, त्याला 'वाढीव दर' म्हणा. संरक्षण मंत्रालयाच्या करारात एक अंडं १७ ऱ्हिवनियाला, दुकानात साधारण ७ ला. खुबी अशी की पैसे माणशी रोजच्या शिध्याचे ठरलेले, पण आत शेकडो जिनसांची यादी. तुकड्या रोज मागवतात त्या अंडी-बटाट्यांचे दर चढवायचे, क्वचित लागणाऱ्यांचे उतरवायचे. बेरीज कागदावर बसते, ताटात कमी पडतं. मलई, टक्केवारी हे शब्द तेव्हाच वापरा जेव्हा वाटा परत गेल्याचं दाखवता येतं.

उपसंपादक२ : तो अंड्यांचा करार 'गुप्त' होता ना?

कोशकीटक : सरसकट 'गुप्त' म्हणू नका, 'गुप्त'ची पायरी सांगावी लागते. त्यांच्या कायद्यात तीन आहेत, मी त्यांना 'परमगुप्त', 'अतिगुप्त', 'गुप्त' म्हणेन. शिक्का अनुक्रमे ३०, १० आणि ५ वर्षांपर्यंत टिकतो. 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' हा शेरा त्याखालचा, ते राज्याचं गुपित नव्हे. 'गोपनीय' टाळतो, आपल्या सरकारी नोकराला त्यावरून वार्षिक अहवाल आठवतो. तुकड्या कुठे आहेत, कुठे हलताहेत हे पसरवणं कलम ११४-२ खाली गुन्हा आहे, तिथे 'माहिती फोडणे'. बटाट्याचा भाव सांगणं त्यात बसत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर शिध्यासारख्या खरेदीचे दर जाहीर करावे लागतात, शस्त्रांचे नाही.

टाचणी : मग मथळ्यात 'गुप्त करार' न लिहिता 'दर न सांगितलेला करार' लिहिते.